गॅरेज नाही, पण गेटला मोटर बसवायची आहे? पैसे देण्याआधी या गोष्टी बघून घ्या

छत्रपती संभाजीनगरला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. त्यातला भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला. असे दरवाजे उघडायला-लावायला पहारेकरी असायचे. आता तुमच्या घराच्या गेटला पहारेकरी कोण? पावसात गाडीतून उतरून गेट उघडणारा, गाडी आत गेल्यावर परत येऊन लावणारा घरातलाच कुणीतरी. मग एक दिवस रील दिसतं, त्यात रिमोटचं बटण दाबल्यावर दार छताकडं सरकतं आणि गाडी आत जाते. लगेच 'गॅरेज डोअर ओपनर' असं सर्च होतं.

गडबड इथंच सुरू होते. सर्चमध्ये जे येतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिकडं गाडीला घराला लागून बंद खोली असते आणि तिचं दार आडव्या फळ्यांचं. त्या फळ्या रुळावरून वर चढून छताला समांतर जातात. आपल्याकडं उस्मानपुऱ्यात काय दिसतं? संत एकनाथ रंगमंदिराच्या आसपास फिरलात तर कंपाउंडची भिंत, लोखंडी गेट, आत पोर्च आणि पोर्चमध्ये गाडी. नाहीतर अपार्टमेंटचं पार्किंग, नाहीतर खाली शटर आणि वर घर. म्हणजे आपल्याला लागते ती गेटची मोटर किंवा शटरची मोटर. दुकानात गेल्यावर हेच शब्द वापरा. 'गॅरेज ओपनर' म्हणालात तर भलत्याच गोष्टीचं कोटेशन हातात पडेल.

आधी गेट बघा, मोटर नंतर

गेट एका हातानं सरकवून बघा. अडकत असेल, मध्येच जोर लावावा लागत असेल, खाली घासत असेल, तर मोटर घेऊ नका. आधी फॅब्रिकेटरला बोलवा. मोटर खराब गेट दुरुस्त करत नाही. ती फक्त जास्त जोर लावते आणि लवकर जळते.

गेट घासण्याची कारणं बहुतेक वेळा जमिनीत सापडतात. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. गेटच्या खांबाचा पाया अशा मातीत उथळ असेल तर खांब थोडा कलतो आणि दोन पल्ले एकमेकांवर चढायला लागतात. दुसरं कारण रस्ता. थरावर थर पडून गल्ली वर आली की बाहेर उघडणारं गेट टेकायला लागतं.

आता जागेचं गणित. दोन पल्ल्यांचं गेट आत उघडत असेल तर पल्ला फिरायला मोकळी जागा लागते, आणि पोर्च लहान असेल तर तिथं गाडीचं बोनेट असतं. पल्ले बाहेर रस्त्यावर उघडायचे तर येणाऱ्या-जाणाऱ्याला लागतील. मोटरचं गेट समोर कोण आहे हे बघून थांबणारा माणूस नसतो. सरकत्या गेटला ही अडचण नाही, पण बारा फुटांचं गेट सरकायला बाजूला भिंतीलगत बारा फूट आणि वर थोडी जागा हवी. वीस फुटांच्या दर्शनी प्लॉटवर ती मिळत नाही. मग एकात एक सरकणारं दोन तुकड्यांचं गेट किंवा घडीचं गेट करावं लागतं.

रोलिंग शटर असेल तर काम त्या मानानं सोपं आहे. फक्त शटर स्प्रिंगचं आहे की बिनस्प्रिंगचं, रुंदी-उंची किती आणि पट्टी किती जाड, हे मोजून सांगा. वीज गेल्यावर हातानं ओढायची साखळी असलेली मोटर मागा.

वजन अंदाजानं सांगू नका

मोटरवर ४००, ६००, ८०० किलो असे आकडे असतात. 'आमचं गेट तसं हलकंच आहे' हे वाक्य दुकानदार रोज ऐकतो. वजन काढणं अवघड नाही. लोखंडाचा एक मिलिमीटर जाड पत्रा एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. बारा फूट बाय सहा फूट गेट म्हणजे साधारण ६.७ चौरस मीटर. दोन मिलिमीटरचा पत्रा असेल तर नुसता पत्राच १०५ किलो. त्यात चौकोनी पाइपची फ्रेम आणि आडव्या-उभ्या पट्ट्या धरल्या की आकडा पावणेदोनशे-दोनशेच्या घरात जातो. वर भाल्यांची नक्षी असेल तर तीही मोजा.

दोनशे किलोचं गेट असेल तर दोनशेचीच मोटर घ्यायची का? नाही. रुळात खडी अडकते, बेअरिंग जुनं होतं, वारा पत्र्यावर दाब देतो. अशा गेटला ४०० ची मोटर ठीक. १००० ची घेण्यात मात्र शहाणपण नाही. जास्त ताकदीची मोटर मध्ये काही आलं तर तेही तेवढ्याच ताकदीनं दाबते.

जिथं कंजुषी करायची नाही ती जागा

जुलै २०२४ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलमध्ये सरकतं लोखंडी गेट रुळावरून सुटून एका लहान मुलीच्या अंगावर पडलं आणि तिचा जीव गेला. सीसीटीव्हीतला तो प्रसंग अनेकांच्या फोनवर फिरला. तिथं प्रश्न मोटरचा नव्हता. सरकतं गेट कधीही पडू नये यासाठी दोन साध्या गोष्टी लागतात. एक, रुळाच्या दोन्ही टोकांना जमिनीत पक्का बसवलेला स्टॉपर. दोन, गेटला वरून धरून ठेवणारे गाइड रोलर. मोटर बसवताना गेट काढून परत लावलं जातं, आणि नेमकं तेव्हाच यातलं काहीतरी 'नंतर बसवू' म्हणून राहतं. हे दोन्ही बसल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

मोटरमुळं होणारा अपघात वेगळा असतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतरानं दोन लहान मुली ऑटोमॅटिक गेटमध्ये चिरडून गेल्या. त्यानंतर तिथं अशा गेटच्या सुरक्षेवर मोठी चर्चा झाली. अमेरिकेनं हा धडा आधीच घेतला होता. १ जानेवारी १९९३ पासून तिथं बनणाऱ्या प्रत्येक घरगुती गॅरेज ओपनरला फोटोसेल किंवा तशी दुसरी सोय सक्तीची आहे.

फोटोसेल म्हणजे समोरासमोर बसवलेल्या दोन डब्या. त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारा किरण असतो. मूल, कुत्रा, सायकल, काहीही मध्ये आलं की गेट थांबतं किंवा मागं फिरतं. आपल्याकडं कोटेशनमध्ये हा भाग बऱ्याचदा 'ऑप्शनल' म्हणून खाली लिहिलेला असतो आणि भाव कमी करताना पहिला तोच जातो. जाऊ देऊ नका. तो कमरेच्या उंचीवर बसवून घेऊ नका, रांगणारं मूल खालून निघून जाईल. गेट चालू झाल्यावर रिकामं खोकं मध्ये ठेवून बघा. खोकं चेपलं तर काम अपुरं आहे.

लाइट गेली तर?

मोटर साधारण दोन प्रकारच्या मिळतात. २३० व्होल्ट एसी आणि २४ व्होल्ट डीसी. एसी मोटर दणकट आणि स्वस्त असते, पण वीज गेली की ठप्प. घरच्या इन्व्हर्टरवर ती चालेल का, हे इन्व्हर्टरवर ठरतं. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. डीसी मोटरला आतच बॅटरी लावता येते, त्यामुळं वीज नसतानाही गेट काही वेळा उघडतं. शिवाय ती शेवटी वेग कमी करून हळू थांबते आणि अडथळा लवकर ओळखते. दिवसातून आठ-दहा वेळा उघडणाऱ्या घरगुती गेटला डीसीचे थोडे जास्त पैसे वाजवी आहेत. बावीस फ्लॅटच्या पार्किंगचं गेट दिवसभर हलत असतं. तिथं मोटर सलग किती वेळ काम करू शकते हा आकडा आधी विचारा, नाहीतर सकाळी ऑफिसच्या वेळेला ती तापून बंद पडेल.

वीजबिलाची भीती घालणारेही भेटतील. ३५० वॅटची मोटर वीस सेकंद चालली आणि दिवसात दहा वेळा चालली, तर महिन्याला एक युनिटही होत नाही. गंमत म्हणजे नुसतं रिमोटची वाट बघत बसलेलं सर्किट चार वॅट खात असेल, तर महिन्याला जवळपास तीन युनिट जातात. म्हणजे गेट उघडण्यापेक्षा न उघडण्याचा खर्च जास्त.

प्रत्येक मोटरला किल्लीनं फिरवायचा मॅन्युअल रिलीज असतो. तो फिरवला की गेट हातानं सरकतं. ही किल्ली कुठं ठेवता? घरात ठेवली, सगळे बाहेर गेले आणि परत आल्यावर लाइट नसली, तर गेटवर चढावं लागेल. जुन्या वाड्यांना आणि किल्ल्यांना मोठ्या दारात छोटा दिंडी दरवाजा असायचा. तीच युक्ती आजही चालते. मोटरच्या गेटशेजारी माणसासाठी साधं कुलुपाचं छोटं गेट हवंच. आग लागली तर सगळं घर त्यातूनच बाहेर पडणार आहे.

रिमोटची नक्कल

किल्लीवाल्याकडं 'कुठलाही रिमोट डुप्लिकेट करून मिळेल' अशी पाटी दिसते. ज्या रिमोटची अशी सहज नक्कल होते तो दरवेळी एकच कोड पाठवतो. २०१५ मध्ये सॅमी कमकार या अमेरिकी हॅकरनं मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे ठरावीक कोडचे गॅरेज दरवाजे काही सेकंदांत उघडता येतात हे दाखवलं होतं. दरवेळी कोड बदलणारा रिमोट 'रोलिंग कोड' नावानं मिळतो, तोच मागा. रिमोट हरवला तर यादीतून काढायचा कसा, हे बसवणाऱ्याकडून तिथंच शिकून घ्या आणि व्हिडिओ काढून ठेवा. मोबाइल ॲप सोयीचं असतं, पण वायफाय बंद असताना गेट उघडण्याचा दुसरा मार्ग हवाच.

दुकानात इटालियन नावं बरीच ऐकू येतील. नाईस, कॅम, बीएफटी, फाक या सगळ्या तिकडच्या कंपन्या. यातल्या फाकची एक भन्नाट गोष्ट आहे. २०१२ मध्ये तिचा मालक वारला आणि मृत्युपत्रानं कंपनीतला आपला मोठा हिस्सा बोलोन्याच्या चर्चला देऊन गेला. ब्रँड कुठलाही घ्या, पण सर्किट बोर्ड आणि गिअर शहरात मिळतो का आणि बिघडल्यावर किती दिवसांत माणूस येतो, हे लेखी घ्या. अर्थिंग आणि वेगळा एमसीबी त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि मोटरच्या डब्याची वायर जाणारी भोकं सिलिकॉननं बंद करून घ्या. उन्हाळ्यात मुंग्या आणि पाली आत शिरतात, आणि एक पाल सर्किटवर चिकटली की अख्खा बोर्ड बदलावा लागतो.