परदेशात फॅमिलीसाठी फ्लॅट बुक करताय? फोटो बघण्याआधी त्या शहराचा नियम बघा

आई-बाबा, दोन मुलं आणि सोबत आजी-आजोबा. सहा जणांची परदेशवारी ठरली की सगळ्यात आधी हॉटेलचा हिशेब अडतो. एका खोलीत दोन, फार तर तीन माणसं. म्हणजे सहा जणांना दोन किंवा तीन खोल्या, त्याही एकाच मजल्यावर मिळतील याची खात्री नाही. आजोबांना पथ्याचा मऊ भात हवा असेल, तर हॉटेलच्या नाश्त्यात तो मिळत नाही.

मग घरातलं कुणीतरी फोनवर एक फ्लॅट दाखवतं. दोन बेडरूम, हॉल, किचन, वॉशिंग मशीन आणि भाडं तीन खोल्यांपेक्षा कमी. फोटो फॅमिली ग्रुपवर जातात, सगळ्यांचे अंगठे येतात आणि बुकिंग होऊन जातं.

या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहतो. त्या शहराच्या कायद्यानुसार हा फ्लॅट पर्यटकांना, इतक्या रात्रींसाठी, इतक्या माणसांना भाड्याने देता येतो का? जगातल्या बऱ्याच लोकप्रिय शहरांत याचं उत्तर 'नाही' किंवा 'अटींसह हो' असं आहे.

नियम मोडला तर पाहुण्यांना काय त्रास?

दंड सहसा घरमालकाला होतो. पण सुट्टी पाहुण्यांची बिघडते. शहराने कारवाई केली किंवा वेबसाइटने ती जाहिरात काढून टाकली, की बुकिंग रद्द होतं. भाड्याचे पैसे परत मिळतातही. पण तोवर विमानाची तिकिटं काढलेली असतात, व्हिसा झालेला असतो आणि ऐन सीझनमध्ये सहा जणांची जागा दुप्पट भावाने शोधावी लागते.

हे घडू शकतं, याचं मोठं उदाहरण जपानमध्ये दिसलं. तिथे घर पर्यटकांना देण्याचा नवा कायदा १५ जून २०१८ ला लागू झाला. त्याआधी काही दिवस एअरबीएनबीने नोंदणी नसलेली हजारो घरं साइटवरून काढली आणि अनेकांची आधीच झालेली बुकिंग रद्द झाली. मे २०२५ मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयानेही नियम मोडणाऱ्या ६५ हजारांहून जास्त जाहिराती काढायला सांगितलं.

शहरांना नेमका आक्षेप कशावर आहे?

आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. शेजारच्या फ्लॅटमध्ये दर तीन दिवसांनी नवी माणसं, रात्री दोन वाजता जिन्यात बॅगांची खडखड आणि वॉचमनला रोज नवा चेहरा. एक-दोन फ्लॅटपुरतं हे चालून जातं. पण मालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रोजच्या पाहुण्याकडून जास्त पैसे मिळायला लागले, तर हळूहळू घरं पर्यटकांकडे वळतात आणि तिथल्या रहिवाशांना भाड्याने घर मिळेनासं होतं.

बार्सिलोनात हाच वाद पेटला. दहा वर्षांत तिथली घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढल्याचं सांगत महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. बाकीची शहरं इतकी टोकाला गेलेली नाहीत, पण नियम बहुतेकांनी कडक केले आहेत.

कोणत्या शहरात काय नियम आहे?

सिंगापूर : अनेक मराठी कुटुंबांची पहिली परदेशवारी इथली असते. इथे खासगी फ्लॅट सलग ३ महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही. सरकारी एचडीबी इमारतींमध्ये किमान मुदत ६ महिन्यांची आहे आणि ती घरं पर्यटकांना देताच येत नाहीत. २०१८ मध्ये नियम मोडणाऱ्या दोघांना प्रत्येकी ६० हजार सिंगापूर डॉलरचा दंड झाला. त्यामुळे चार-पाच दिवसांसाठी कुणी घरगुती फ्लॅट देत असेल, तर तो विषय तिथेच सोडा. हॉटेलची फॅमिली रूम घ्या किंवा हॉटेलचा परवाना असलेली, किचनची सोय असलेली जागा शोधा.

न्यूयॉर्क : ५ सप्टेंबर २०२३ पासून इथे स्थानिक कायदा क्रमांक १८ ची अंमलबजावणी सुरू झाली. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर होस्टची नोंदणी हवी, होस्ट स्वतः त्याच घरात राहिला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला आठवड्यासाठी अख्खा फ्लॅट हा पर्याय जवळपास संपला. नदीपलीकडचं जर्सी सिटी हे वेगळ्या राज्यातलं वेगळं शहर आहे. तिथले नियम वेगळे, ते स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

पॅरिस : फ्लॅट मिळतो, पण नोंदणी क्रमांकासह. मालक स्वतः राहतो ते घर त्याला वर्षात ९० रात्रींपर्यंतच पर्यटकांना देता येतं. ही मर्यादा आधी १२० होती, १ जानेवारी २०२५ पासून ती कमी झाली.

ॲमस्टरडॅम : स्वतःचं घर वर्षात जास्तीत जास्त ३० रात्री आणि एका वेळी चारच पाहुण्यांना देता येतं. त्यामुळे सहा जणांचा बेत असेल तर 'सहा झोपू शकतात' असं लिहिलेला घरगुती फ्लॅट दिसला तरी थांबा.

लंडन : वेगळी परवानगी नसेल तर वर्षात ९० रात्रींची मर्यादा.

टोकियो : मालकाची नोंदणी सक्तीची आणि वर्षात १८० दिवसांची मर्यादा. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि त्याची प्रत ठेवली जाते.

दुबई : इथे 'हॉलिडे होम' देणं कायदेशीर आहे, पण मालकाकडे दुबईच्या पर्यटन विभागाचा परवाना हवा. प्रत्येक रात्रीमागे 'टुरिझम दिरहम' नावाचा करही भरावा लागतो.

हे नियम बदलत राहतात. त्यामुळे बुकिंग करण्याआधी त्या शहराच्या पालिकेची किंवा पर्यटन विभागाची वेबसाइट एकदा उघडाच. भाषा अडली तर ब्राउझरमधलं भाषांतर कामाला येतं.

नोंदणी क्रमांक कुठे सापडतो?

जिथे नोंदणी सक्तीची आहे, तिथे तो क्रमांक बहुधा जाहिरातीतच, घराच्या वर्णनाखाली असतो. इटलीत त्याला 'सीआयएन' म्हणतात, बार्सिलोनाचा परवाना 'एचयूटीबी' या अक्षरांनी ओळखला जातो.

पॅरिसमधल्या १३ अक्षरी क्रमांकातून तर पत्त्याचाही अंदाज येतो. त्याचे पहिले पाच आकडे विभागाचे असतात. ७५१०१ म्हणजे पहिला विभाग, लूव्र म्युझियमचा. ७५११८ म्हणजे अठरावा, मोंमार्त्रचा. जाहिरातीत 'लूव्रच्या शेजारी' लिहिलंय आणि क्रमांक ७५११८ ने सुरू होतोय, तर होस्टला कारण विचारायला हवं.

क्रमांक दिसत नसेल तर ॲपमधूनच साधा मेसेज टाका : 'तुमचा नोंदणी क्रमांक काय? आम्ही चार मोठे आणि दोन मुलं आहोत, चालेल ना?' उत्तर लेखी मिळतं आणि पुढे वाद झालाच तर तेच उपयोगी पडतं.

'विचारलं तर मित्र आहोत म्हणा'

हे वाक्य ऐकू आलं की बुकिंग तिथेच थांबवा. गार्डने किंवा शेजाऱ्याने विचारलं तर 'मालकाचे मित्र' असल्याचं सांगा, रिसेप्शनवर थांबू नका, बॅगा एकदम आणू नका. अशा सूचनांचा अर्थ एकच : फ्लॅट नियमात बसत नाही आणि खोटं बोलण्याची जबाबदारी पाहुण्यांवर टाकली जातेय. परक्या देशात, मुलांसमोर आणि हातात पासपोर्ट असताना ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

दुसरी धोक्याची खूण पैशांची. 'ॲपवर कमिशन जातं, थेट बँकेत पाठवा, १० टक्के कमी करतो' असं कुणी म्हणालं तर नकार द्या. पैसे ॲपबाहेर गेले की ॲपचं संरक्षण संपतं. फोटो खरे आहेत का हे पाहायला गुगल लेन्स वापरा. तेच फोटो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने सापडले तर घर अस्तित्वातच नसण्याची शक्यता आहे. फसवणूक झालीच तर बँकेला लगेच कळवा आणि भारतातल्या सायबर हेल्पलाइनवर, म्हणजे १९३० वर तक्रार करा.

व्हिसासाठी फ्लॅटचं बुकिंग चालतं का?

शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतो आणि फ्लॅटचं बुकिंगही त्यात चालतं. गडबड नावांची होते. बुकिंग एकाच्या नावावर असतं आणि अर्ज सहा जणांचे जातात. म्हणून कन्फर्मेशनवर सगळ्यांची नावं, पूर्ण पत्ता आणि तारखा आहेत ना, ते पाहा. प्रवासाच्या प्रत्येक रात्रीचा हिशेब लागला पाहिजे.

व्हिसा हातात येईपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतील असंच बुकिंग घ्या. शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. त्यात भाड्याचे पैसेही अडकायला नकोत.

स्वस्त दिसतं, पण खरंच स्वस्त पडतं का?

एक काल्पनिक हिशेब करू. फ्लॅटचं भाडं रात्रीला १०,००० रुपये, साफसफाईचे एकदाच ८,००० आणि ॲपचं शुल्क भाड्याच्या १५ टक्के.

चार रात्री राहिलात तर ४०,००० अधिक ८,००० अधिक ६,०००, म्हणजे ५४,०००. रात्रीला १३,५०० पडले.

दोनच रात्री राहिलात तर २०,००० अधिक ८,००० अधिक ३,०००, म्हणजे ३१,०००. रात्रीला १५,५०० पडले.

साफसफाईचा खर्च एक रात्र राहा की सात, तेवढाच. म्हणून फ्लॅट लांबच्या मुक्कामाला परवडतो. दोन रात्रींसाठी हॉटेल स्वस्त निघू शकतं, शिवाय तिथे नाश्ता असतो आणि बॅगा ठेवायला जागाही.

यात शहराचा कर धरलेला नाही. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो भाड्याच्या १२.५ टक्के आहे. कार्डाचं विदेशी चलन शुल्कही वेगळं. ते ३ टक्के असेल तर ५४,००० वर १,६२० रुपये आणि त्यावर जीएसटी. दोन पर्यायांची तुलना करायची तर शेवटच्या स्क्रीनवरची रक्कमच धरा.

घर आपल्या माणसांना झेपेल का?

नियम आणि पैसे जुळले, की मग फोटोंकडे वळा. फोटोत सहसा न दिसणाऱ्या या गोष्टी विचारून घ्या :

लिफ्ट : पॅरिसच्या जुन्या इमारतींत चौथ्या-पाचव्या मजल्यावर लिफ्ट नसणं नेहमीचं आहे. आजीच्या गुडघ्यांसाठी हा पहिला प्रश्न. लिफ्ट असली तरी ती दोन माणसांत भरते का, हेही विचारा.

पलंग : 'सहा झोपू शकतात' यात हॉलमधला सोफा धरलेला असतो. खरे पलंग किती, ते मोजा.

किचन : चूल बहुधा इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक असते. घरून न्यायचा छोटा कुकर त्यावर चालतो का, ते पाहा. फोडणी देताना एक्झॉस्ट सुरू ठेवा, कारण धुराचा अलार्म मोहरीच्या धुरानेही वाजू शकतो.

पोचण्याची वेळ : मुंबईहून निघालेलं विमान पहाटे उतरलं आणि फ्लॅट दुपारी तीनला मिळणार असला, तर सहा माणसं आणि बॅगा तोवर कुठे थांबणार? आदल्या रात्रीचं भाडं भरायचं की बॅगा ठेवायला लॉकर घ्यायचा, हे आधीच ठरवा.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं

बॅगा उघडण्याआधी सगळ्या खोल्यांचा फोनवर व्हिडिओ काढा. भिंतीवरचा डाग, फुटलेला कप, न चालणारा गीझर, सगळं टिपा आणि लगेच ॲपमधून होस्टला कळवा. पुढे कुणी डिपॉझिट कापायला निघालं तर हाच पुरावा. ॲपवर तक्रारीची मुदतही ठरलेली असते. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. 'मुक्काम संपल्यावर बघू' म्हटलं तर ती वेळ निघून जाते.

मग फ्लॅट घ्यावा की नाही?

चार किंवा जास्त रात्री एकाच शहरात राहायचं असेल, सोबत लहान मुलं किंवा पथ्य सांभाळणारे ज्येष्ठ असतील आणि शहराचा नियम परवानगी देत असेल, तर फ्लॅट घ्यायला हरकत नाही. सिंगापूर किंवा न्यूयॉर्कसारखं शहर असेल, मुक्काम दोन रात्रींचा असेल किंवा विमान मध्यरात्री पोचणार असेल, तर हॉटेल बरं.

फॅमिली ग्रुपवर पुढच्या वेळी एखाद्या फ्लॅटचा फोटो आला, तर अंगठा टाकण्याआधी दोन गोष्टी विचारा : त्या शहरात हे चालतं का आणि नोंदणी क्रमांक कुठे आहे?