टाके निघाले, आता बरा झाला ना?

ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुचाकी घसरते, डोक्याला मार बसतो. आठ-दहा दिवस रुग्णालयात जातात आणि माणूस घरी येतो. टाके निघालेले, हातपाय धड, सगळ्यांना नावानिशी ओळखतोय. घरचे देवाला नारळ फोडतात. मग महिन्याभरात कुरबुर सुरू होते. वरणाला चव नाही म्हणून तो ताट बाजूला सारतो. मिक्सर लावला की अंगावर येतो. भर दुपारी झोपून असतो. बँकेचा साधा फॉर्म भरायला बसला, तर अर्ध्यातून उठतो. शेजारी विचारतात, “टाके निघाले, आता बरा झाला ना?” घरच्यांना काय सांगावं ते कळत नाही.

हे सगळे बदल मेंदूच्या दुखापतीचेच असू शकतात. अपघातानंतर होतात तसे ते अर्धांगवायूच्या झटक्यानंतर, मेंदूतली गाठ काढल्यावर किंवा मेंदूज्वरातून उठल्यावरही होतात. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून घरोघरी त्यांना भलतीच नावं पडतात: आळस, नाटक, हट्ट, बाहेरची बाधा. नाव चुकलं की उपचार लांबतो, आणि बरं होऊ घातलेला माणूस स्वतःच्याच घरात आरोपी होतो.

“सीटी स्कॅन नॉर्मल आलाय, म्हणजे काही झालेलं नाही.”

सीटी स्कॅन तातडीच्या प्रश्नांसाठी असतो. रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का, लगेच शस्त्रक्रिया लागेल का, हे तो उत्तम सांगतो. पण डोक्याला जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो, पिळवटतो आणि पेशींना जोडणारे लांब, अतिसूक्ष्म तंतू ताणले जातात. ही इजा सीटीवर बहुधा दिसत नाही. एमआरआयवरही दरवेळी दिसते असं नाही.

‘सौम्य दुखापत’ या शब्दानंही गोंधळ होतो. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलवर रुग्णाला ३ ते १५ गुण मिळतात. १३ ते १५ गुण म्हणजे सौम्य. हे गुण सुरुवातीच्या तासांतली शुद्ध मोजतात. पुढच्या महिन्यांत कामावर लक्ष लागेल का, गर्दी सोसेल का, हे मोजण्यासाठी ते नव्हतेच. सौम्य दुखापतीतून बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ण सावरतात. काहींचे त्रास मात्र रेंगाळतात, आणि त्यांना ‘रिपोर्ट तर चांगला आहे’ म्हणून गप्प करणं चूक आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी जपायला हवं. आजोबा न्हाणीघरात घसरले, थोडं टेंगूळ आलं, विषय संपला. तीन-चार आठवड्यांनी ते विसरू लागतात, चालताना तोल जातो, दिवसभर पेंगतात. घरचे म्हणतात, वय झालं. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठत गेलेलं रक्त हे त्यामागचं कारण असू शकतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. ते वेळीच कळलं तर शस्त्रक्रियेनं काढता येतं.

“नाकाला तर काही लागलं नाही, मग वास कसा जाईल?”

वासाची जाणीव नेणारे तंतू नाकाच्या छताशी असलेल्या हाडाच्या बारीक छिद्रांतून वर मेंदूकडे जातात. डोकं आपटलं, त्यातही मागच्या बाजूनं, की मेंदू पुढे सरकतो आणि हे नाजूक तंतू ताणले जातात किंवा तुटतात. नाकावर ओरखडाही नसतो. रुग्ण स्वतः ‘वास गेला’ असं क्वचितच सांगतो. तो म्हणतो, जेवणाला चव नाही. कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. वरणात मीठ आहे हे त्याला समजतं; हिंग-जिऱ्याची फोडणी हरवलेली असते. अशा वेळी सुगरण सुनेवर किंवा आईवर राग निघतो, आणि दोघंही निर्दोष असतात.

यात खरा धोका स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरचा असो वा पाइपचा, गॅस मुळात वासहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखं उग्र वासाचं रसायन मिसळतात. वास गेलेल्या माणसाला ही सूचना मिळतच नाही. तो घरात एकटा राहत असेल, तर गॅस गळतीचा अलार्म बसवा. दूध नासलंय का, भाजी आंबलीय का, हे त्याच्या नाकावर सोडू नका.

काहींचा वास परततो, पण बिघडून परततो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कॉफी, परतलेला कांदा, तळलेली मासळी यांना कुजका किंवा जळका दर्प येऊ लागतो. दिवाळे किंवा सारसोळेच्या कोळीवाड्यात वाढलेला माणूस सुकटीच्या वासानं घराबाहेर जाऊन बसतो, तेव्हा ते घरच्यांना विपरीत वाटणारच. हा टप्पा किळसवाणा असतो, पण अनेकदा तंतू पुन्हा जुळत असल्याची ती खूण असते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वासाच्या सरावाची पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून घ्यायचे आणि हे काही महिने रोज करायचं. दुखापतीनंतर सगळ्यांना गुण येईलच असं नाही. पण यातल्या बहुतेक वस्तू वाशीच्या मसाला मार्केटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत कुठेही मिळतात, खर्च नगण्य आणि अपाय नाही. म्हणून मी तरी हा सराव जरूर सुचवीन.

आता बाधेबद्दल. एखाद्याला अचानक जळक्या रबराचा किंवा कुजल्याचा वास येतो, इतर कुणालाच येत नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, नजर शून्यात जाते, ओठ चाळवले जातात आणि मिनिटभरात सगळं ओसरतं. पुन्हा काही दिवसांनी हुबेहूब तसंच. घरात कुजबुज होते, ‘बाहेरचं काहीतरी आहे’, आणि भगताकडे फेऱ्या सुरू होतात. ही मेंदूच्या टेम्पोरल भागातून उठणारी फिट असू शकते. न्यूरोलॉजिस्टला दाखवून ईईजी काढायला हवा. औषधांनी बहुतेकांच्या फिट आटोक्यात येतात. आणि मोठी फिट आलीच, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.

“दिवसभर लोळतो, आळशी झालाय.”

ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांमध्ये समोर दोन स्क्रीन, कानाला फोन आणि शेजारच्या खुर्चीवरचं बोलणं, हे सगळं एकाच वेळी झेलणारी हजारो माणसं आहेत. निरोगी मेंदू यातलं नको ते बाजूला सारत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दुखापतीनंतर नेमकी हीच निवड कोलमडते. पंख्याची घरघर, बाहेरचा हॉर्न, टीव्ही आणि बायकोचा प्रश्न, सगळं एकाच जोरानं आत येतं. ट्यूबलाइट डोळ्यांना टोचते. पनवेल लोकलमधली फेरीवाल्यांची हाक आणि स्थानकाची उद्घोषणा एकदम आली की डोकं सुन्न होतं. हा चिडचिडा स्वभाव नव्हे.

त्यातून येणारा थकवा वेगळ्या जातीचा असतो. मैलभर चालून तो येईलच असं नाही. पंधरा मिनिटं हिशेब केल्यावर येतो. विचार करण्याचा वेग मंदावलेला असतो आणि हातातली गोष्ट डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता कमी झालेली असते, त्यामुळे साध्या कामालाही दुप्पट कष्ट पडतात. यावर कामाचे लहान तुकडे पाडणं, दमण्याआधीच विश्रांती घेणं, एका वेळी एकच काम करणं, वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवणं, हे उपाय खरोखर उपयोगी पडतात. नोकरीवर परतताना आधी अर्धा दिवस मागावा, लोकल गर्दीची वेळ टाळून धरावी. ढोल-ताशांच्या मिरवणुकीत कानात बोळे जरूर घालावेत, पण दिवसभर घालून बसू नये. त्यानं कान उलट अधिक हळवे होतात.

“डोळे तपासले, चांगले आहेत. मुद्दाम करतो.”

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळ्यांना दिसत असतं, मेंदू दखल घेत नाही. आपल्या पानात चटणी, कोशिंबीर, मीठ डावीकडे वाढतात. असा माणूस भाजी-पोळी संपवतो आणि ‘चटणी वाढलीच नाही’ म्हणून तक्रार करतो. ताट फिरवून दिलं की चटणी सापडते. त्याला डावीकडे बघायची सवय हळूहळू लावता येते. तोवर मात्र त्यानं एकट्यानं रस्ता ओलांडू नये.

जिना उतरताना पायऱ्या दुहेरी दिसत असतील, तर डोळा हलवणाऱ्या एका नसेला मार लागलेला असू शकतो. कूस बदलताच खोली गरगरत असेल, तर तो अशक्तपणा असेलच असं नाही. आतल्या कानातले बारीक खडे जागा सोडून गेलेले असू शकतात. डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते जागेवर आणण्याची एप्ली नावाची कृती आहे. मानेला दुखापत नाही याची खात्री करून जाणकारानं ती केली, तर कधी कधी एका बैठकीतच आराम पडतो. अशी माणसं महिनोन्‌महिने टॉनिक घेत बसतात, याचं वाईट वाटतं.

“स्वभावच बदलला. आमचा राहिला नाही.”

घरच्यांना सगळ्यात जास्त दुखावणारा बदल हा. पूर्वी शांत असलेला माणूस चारचौघांत काहीही बोलतो, किंवा उलट, सांगितल्याशिवाय अंघोळीलाही उठत नाही. कपाळामागचा मेंदू आवर घालतो आणि सुरुवातही करून देतो. तिथे इजा झाली की दोन्हीत बिघाड होऊ शकतो. काहींना दुःख नसताना रडू फुटतं, किंवा गंभीर प्रसंगी हसू. हेही मेंदूचा ताबा सुटल्यामुळे, आणि त्यावर औषध असतं. ‘मला काही झालेलं नाही’ असं रुग्ण ठामपणे सांगतो, तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत किंवा हट्ट करत नसतो. स्वतःतला बदल ओळखणारी यंत्रणाच जखमी असू शकते. तिथे वाद घालून काही मिळत नाही.

१८४८ मध्ये अमेरिकेत फिनियस गेज या रेल्वे कामगाराच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. ‘गेज पूर्वीचा राहिला नाही’ ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आहे. पुढे त्यानं चिलीत अनेक वर्षं घोडागाडी हाकली, ठरलेल्या वेळापत्रकाच्या आधारानं नोकरी केली, हे फारसं सांगितलं जात नाही. मला गोष्टीचा हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

भाषेचंही असंच. नवी मुंबईत घरी मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी बोलणारे घरोघरी आहेत. मेंदूच्या भाषेच्या भागाला इजा झाल्यावर कधी कधी यातली एक आधी परतते, दुसरी मागे राहते. कोणती आधी येईल याचा पक्का नियम नाही. आईशी इंग्रजीत बोलणारा मुलगा तोरा दाखवत नसतो.

आणि सिनेमात दुसरा फटका बसल्यावर स्मृती परत येते, ते निव्वळ खोटं. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो.

“सहा महिन्यांत जे यायचं ते आलं. आता देवाची मर्जी.”

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, हे खरं. नंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. वर्ष-दोन वर्षांनंतरही सरावानं फरक पडतो. अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहणंही आता कुणी सांगत नाही. सौम्य दुखापतीत एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग थोडं चालणं आणि हळूहळू नेहमीची कामं, असा सल्ला दिला जातो.

मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. फ्रँक वॉरेल, चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. कित्येक दिवस बेशुद्ध राहिलेले कॉन्ट्रॅक्टर वाचले आणि कवटीत धातूची पट्टी घेऊन पुढे अनेक वर्षं प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. कसोटी संघात मात्र ते परतले नाहीत. ती पट्टी २०२२ मध्ये मुंबईत काढण्यात आली. सावरणं असंच असतं: बरंच परत मिळतं, काही मिळत नाही.

मिळवण्यासाठी मदत लागते, आणि ती जवळ आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, ती देशातली पहिली. रोजची कामं पुन्हा शिकवण्याचं हे शास्त्र म्हणजे मेंदूच्या रुग्णांचा मोठा आधार आहे. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. वाचा आणि श्रवणासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, जागं करूनही जागा न होणं, फिट, एका बाजूची कमजोरी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रुग्णालय गाठा. बाकीच्या बदलांसाठी एक वही करा. वास, आवाज, उजेड, थकवा, विसर, राग, झोप, जे दिसेल ते तारखेसह लिहा आणि पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही सांगा.