नवी काठी हाती का बसत नाही?

आपल्या मैदानी हॉकीची काठी ताठ असते. चेंडू मारताना ती वाकलेली डोळ्यांना दिसत नाही. कॅनडात लोकप्रिय असलेल्या बर्फावरच्या हॉकीची काठी मात्र धनुष्यासारखी वाकावी अशीच बनवलेली असते. तिच्या दांड्यावर ७५, ८५, १०० असा एखादा आकडा छापलेला असतो. हा तिचा 'फ्लेक्स'. दांडा मध्यावर एक इंच वाकवायला जितके पौंड बल लागते, तितका हा आकडा. म्हणजे आकडा मोठा, तर काठी ताठ.

जोरदार फटका मारताना काठीचे पाते आधी रबरी चकतीच्या थोडे मागे बर्फावर आपटते. या चकतीला 'पक' म्हणतात. काठी वाकते, तिच्यात स्थितिस्थापक ऊर्जा साठते आणि सरळ होता होता ती पकला जोराने पुढे ढकलते.

आता हिशेब करू. १०० फ्लेक्सची काठी १०० पौंड, म्हणजे सुमारे ४४५ न्यूटन बलाने २.५४ सें.मी. वाकते. साठलेली ऊर्जा = ½ × बल × वाक = सुमारे ५.७ ज्यूल. तेच बल ७५ फ्लेक्सच्या काठीला लावा. वाक ३.३९ सें.मी., ऊर्जा ७.५ ज्यूल! ताकद तेवढीच, पण ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. नामवंत खेळाडूची ताठ काठी पाहून तशीच विकत घेणारा शाळकरी मुलगा, माझ्या मते, पैसे मोजून आपला फटका दुबळा करून घेतो.

मग मऊ काठी हाती येताच सुरुवातीला फटके चुकतात का? कारण काठी सरळ व्हायला लागणारा वेळही बदलतो. वजन तेच धरले, तर हा वेळ ताठपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १०० वरून ७५ वर आलात, की तो सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. हाताला सवय जुन्या वेळेची! पक सुटतो तेव्हा काठी अजून पुरती सरळ झालेली नसते.

त्यात काठी उंचीनुसार कापली, की छापील आकडाही बदलतो. स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर २० सें.मी. काढून घट्ट धरा, टोकाला छोटेसे वजन टांगा आणि वाक मोजा. मग २५ सें.मी. बाहेर काढा. वाक जवळजवळ दुप्पट होईल, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्याच न्यायाने १५० सें.मी.ची काठी ५ सें.मी. कापली, तर ढोबळ मानाने ७५ ची ८३ होते.

पात्याच्या बाकाची तऱ्हा वेगळी. १९६० च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी वाकवलेली पाती लोकप्रिय केली. अशा पात्यावरून पक घरंगळत सुटतो, स्वतःभोवती फिरतो आणि भोवऱ्यासारखा स्थिर राहतो. पण नव्या पात्यावरून तो जुन्यापेक्षा ३ अंश वर सुटला, तरी १० मीटरवर ५२ सें.मी. उंच जातो; गोलाची उंची असते अवघी १.२२ मीटर.

बाकाला नियमाची मर्यादाही आहे. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये ती अर्धा इंच होती. त्या वर्षीच्या स्टॅनले कप अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात लॉस एंजेलिस २–१ ने पुढे होते आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. मॉन्ट्रियलच्या प्रशिक्षकाने मार्टी मॅकसॉर्लीची काठी मोजायला लावली. बाक जास्त निघाला! मॅकसॉर्लीला दोन मिनिटे बाहेर बसावे लागले, मॉन्ट्रियलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. पुढचे तिन्ही सामनेही त्यांनीच जिंकले.