टोक्यास आलेला विलायती गूढवादी

इ. स. १९२८ मध्यें पुण्याहून आगगाडीनें अहमदनगरास जाणाऱ्यास दौंड जंक्शनवर मनमाडची शाखा धरावी लागे. मोटारीनें जाणारा शिरूरजवळ घोडनदी ओलांडी. शिरूरची ही सडक नगरावरून पुढें औरंगाबादेस जाई, आणि तिच्या वाटेवर, प्रवरा-गोदावरीच्या संगमीं, टोकें हें गांव. त्या वर्षींच्या पावसाळ्यांत तेथील मेहेर आश्रमांत विलायतेहून तिघेजण येऊन राहिले. त्यांतील प्रमुख मेरेडिथ स्टार.

त्याचें मूळ नांव हर्बर्ट क्लोज. जन्म १८९० चा. तो ज्या पाश्चात्त्य गुप्तविद्येचा उपासक होता, तिचें एक मुख्य पीठ म्हणजे लंडनांत १८८८ मध्यें स्थापन झालेला ‘गोल्डन डॉन’ हा पंथ. यहुद्यांचा कब्बाला, ज्योतिष, मंत्रविधि यांचें तें मिश्रण होतें. आणि दीक्षेच्या ठराविक पायऱ्या! पायरी चढावी तों नवें रहस्य हातीं यावें, अशी योजना. त्या पंथांतून फुटून निघालेल्या ॲलिस्टर क्रौलीच्या ‘इक्विनॉक्स’मध्यें, तसेंच ‘ऑकल्ट रिव्ह्यू’ मासिकांत, स्टारनें लेखन केलें. १९१७ सालीं कॉर्नवॉलमध्यें राहणाऱ्या कादंबरीकार लॉरेन्सनें आपल्या पत्रांत स्टार दांपत्याच्या उपवासांची यथेच्छ थट्टा केली आहे. थट्टा सोडली, तरी हा मनुष्य वरपांगी हौशी नव्हता, एवढें त्यावरून दिसतें.

टोक्यास त्याला भेटले ते पुण्यांत जन्मलेले इराणी गुरु मेहेरबाबा. १० जुलै १९२५ पासून त्यांनीं मौन धरिलें होतें. एका फळीवरील इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवून ते बोलत. भोंवतीं मुलांची शाळा, प्रार्थना, ध्यान. चढण्यासारखी पायरी येथें कोणती?

तरीहि स्टार श्रद्धा घेऊन परतला. डेव्हनशरांत ईस्ट चॅलकोम येथें त्यानें एक साधनास्थान उभारलें, आणि सप्टेंबर १९३१ मध्यें मेहेरबाबा प्रथमच इंग्लंडांत गेले तेव्हां तेथेंच राहिले. पण १९३२ सालीं स्टार त्यांच्यापासून दूर झाला. प्रगति मोजून घेण्याची ज्यास संवय जडली, त्याला न मोजतां वाट पाहणें जड गेलें असावें. तो १९७१ सालीं वारला.

त्याच्या मंडळींतून पुढें आलेल्या किटी डेव्ही व नृत्यशिक्षिका मार्गारेट क्रास्क मात्र हिंदुस्थानांत येऊन कित्येक वर्षें राहिल्या. दौंडाहून मनमाडास जाणारा लोहमार्ग मेहेराबादेच्या मधूनच जातो.