पहिली उचल कशाची होती?

आष्टी म्हटलं की समोरचा विचारतोच, ‘बीडची का वर्ध्याची?’ आपली आष्टी जालन्याची, परतूर तालुक्यातली. आणि इथल्या वाडी-तांड्यावरच्या कुठल्याही पोराला एक शब्द समजावून सांगावा लागत नाही. उचल!

दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादम येतो. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, आगाऊ रक्कम देतो. ती उचल. मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडात ऊस तोडून ती फेडायची. आजारी पडलं, कामावर गेलं नाही, की खाडा पडतो. हंगाम संपतो, पण हिशेब संपेलच असं नाही. उरलेली बाकी पुढच्या साली डोक्यावर. घेताना ती मदत वाटते. फेडताना कळतं की हिशेबाची वही आपल्या हातात नाहीच.

आता हाच शब्द तुमच्या हातातल्या मोबाइलला लावून बघा.

समजा, अकरावीतली एक मुलगी आहे. आईवडील फडावर, ती गावात आजीजवळ. इन्स्टावर एक जण रोज विचारतो, ‘जेवलीस का?’ तिचं सगळं ऐकून घेतो. कधी रिचार्ज मारून देतो. हळूच म्हणतो, ‘तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस.’ मग म्हणतो, ‘हे आपल्या दोघांतच राहू दे.’ मग एक फोटो मागतो. साधाच. मग दुसरा, तसला. आणि एका रात्री मेसेज येतो, ‘आता मी सांगतो तसं कर, नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकीन.’

यात जबरदस्ती कुठे सुरू झाली? शेवटच्या मेसेजला? नाही. ‘जेवलीस का?’ ही उचल होती. बाकीची सगळी फेड.

ओळखायचं कसं?

शोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारी गल्ली आणि अनोळखी माणूस येतो. प्रत्यक्षात तो माणूस बऱ्याचदा ओळखीचा असतो आणि आधी देतो. लक्ष देतो, भेट देतो, नोकरीचा शब्द देतो. म्हणून मनाला तीन प्रश्न विचारा. हे नातं लपवून ठेवायला मला कोण सांगतंय? माझी माणसं माझ्यापासून कोण तोडतंय? आणि ‘नाही’ म्हटलं तर मला काय गमवावं लागेल, अशी भीती वाटते का? प्रेमात, मैत्रीत, नोकरीत ‘नाही’ म्हणता येतं. ‘नाही’ म्हटल्यावर समोरचा वही काढत असेल, तर ती उचलच.

मुलांनो, हे फक्त मुलींसाठी आहे असं समजून पान उलटू नका. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, स्क्रीन रेकॉर्ड होते आणि पैशांची मागणी सुरू होते. ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो,’ म्हणणारा मित्रही असतो. त्या खात्यावर फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतात. ‘पुण्यात काम लावून देतो’ म्हणून नेलेल्या पोराचं आधार कार्डच मालकाजवळ अडकवून ठेवलं जातं. कर्ज फिटेपर्यंत माणूस बांधून ठेवायला १९७६ च्या कायद्यानं बंदी आहे. त्याला वेठबिगारी म्हणतात.

आणि लग्न? एकट्या माणसाचा ‘अर्धा कोयता’. लग्न लागलं की पूर्ण कोयता, उचलही पूर्ण. त्यात वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, ही आईबापाची धास्ती. यातून आपल्या भागात किती वर्गमैत्रिणींची बाकं दहावीआधीच रिकामी झाली, ते तुम्हीच आठवा. कायद्यानं मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण लागतं. गावात बालविवाह थांबवण्याचे अधिकार ग्रामसेवकाला आहेत. आणि लागलेलं लग्नसुद्धा मुलीला वयाच्या विशीपर्यंत कोर्टात जाऊन रद्द करून घेता येतं.

मोबाइल नव्हते तेव्हा

‘हे सगळं मोबाइलमुळे झालं,’ असं घरी ऐकायला मिळतं. मग १९९४ चं जळगाव आठवायला हवं. तेव्हा कुणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता. तरी शाळा-कॉलेजातल्या मुलींना नादी लावून, त्यांचे फोटो काढून, ते दाखवून धमकावल्याचं प्रकरण उघड झालं आणि राज्य हादरलं. मीरा बोरवणकर तेव्हा राज्याच्या सीआयडीत होत्या, त्यांच्याकडे हा तपास होता. मुलींना बोलतं करणं, हेच त्यातलं अवघड काम होतं. कारण फोटो गुन्हेगाराकडे होता आणि लाज मात्र मुलीच्या पदरात टाकलेली होती.

कॅमेरे बदलले. धमकीची ताकद मात्र आजही तिथेच आहे, आपल्या ‘लोक काय म्हणतील’मध्ये. ती ताकद काढून घेणं आपल्या हातात आहे.

तिनं तुम्हाला सांगितलं तर?

ही वेळ तुमच्यावर येऊ शकते. पंधरा-सोळा वर्षांची पोरं आईबापाआधी ताईला, दादाला, कॉलेजातल्या शेजारच्या पोरीला सांगतात. म्हणजे तुम्हाला.

‘तू फोटो पाठवलासच कशाला?’ हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळून टाका. ते एकदा ऐकलं की पोरगी पुन्हा तोंड उघडणार नाही. म्हणायचं एवढंच, ‘सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. मी आहे.’

ती म्हणेल, ‘कुणाला सांगणार नाही, शपथ घे.’ ही शपथ घेऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलाचं किंवा मुलीचं लैंगिक शोषण होतंय हे कळलं, तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. तुम्ही १८ पूर्ण असाल तर गप्प बसणं हाच तुमचा गुन्हा ठरतो. त्यापेक्षा खरं सांगा, ‘सगळ्यांना सांगणार नाही. पण मदत करू शकेल अशा माणसाला दोघं मिळून सांगू.’

पोलिसांची भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून हेही माहीत हवं. या कायद्यात पीडित मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतात. पोलीस गणवेशात नसावेत, शक्यतो महिला अधिकारी असावी, जवळ विश्वासाचं माणूस असावं, असं कायदाच सांगतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. नाव छापता येत नाही. आणि घटना कुठेही घडलेली असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते.

धमकी आली असेल तर पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी थांबत नाही. घाबरून चॅट डिलीट करू नका. धमकीचे मेसेज, प्रोफाइल, नंबर यांचे स्क्रीनशॉट ठेवा. पण तो फोटो ‘पुरावा’ म्हणून मित्रांना फॉरवर्ड करू नका. अल्पवयीनांचा तसला फोटो पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. १८ खालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि मोठ्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ अशा मोफत सेवा आहेत. फोटो तुमच्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि सेवेत सामील असलेल्या इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या साइट त्यावरून फोटो ओळखून अडवतात.

हे नंबर आत्ताच सेव्ह करा

१०९८ : चाइल्ड हेल्पलाइन. २४ तास, मोफत. बालविवाह, बालमजुरी, शोषण, काहीही.
११२ : आत्ता धोका असेल तर पोलीस.
१८१ : महिला हेल्पलाइन.
१९३० : ऑनलाइन पैशांची फसवणूक. उशीर करू नका.
१५१०० : मोफत कायदेशीर मदत.
१४४१६ : टेलिमानस. जीव नकोसा वाटला तर आधी इथे बोला.

कॉलेजात त्रास देणारा प्राध्यापक असो की सीनियर, अंतर्गत तक्रार समिती प्रत्येक कॉलेजात असावी लागते. तुमच्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, ते उद्या नोटीस बोर्डावर बघा. नाव नसेल तर विचारा, का नाही?

यंदाही दिवाळीनंतर गाड्या भरून जातील. काही घरांत फक्त आजी आणि एखादी पोरगी उरेल, हातात मोबाइल घेऊन. त्या पोरीला ‘जेवलीस का?’ असं विचारणारं पहिलं माणूस कोण असेल?

ते तुम्ही असा. आणि बदल्यात काही मागू नका.