भरतीचा हिशेब कॉलेजातूनच

कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याने पहाटे निघालं की साळवण, असळजच्या आसपास लष्कर भरतीसाठी धावणारी पोरं हमखास दिसतात. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस गगनबावडा तालुक्यात, त्यामुळे जूनपासून मैदानाचा चिखल होतो आणि सराव डांबरी रस्त्यावर येतो. यातली बरीच पोरं कॉलेजात शिकतात. लष्करातल्या जागा घटल्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे आपला हिशेब कसा बदलतो, हे मात्र फार कमी जणांनी बसून मांडलेलं असतं.

जागा एका दिवसात घटल्या नाहीत. पुण्याचे लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला. लढाऊ नसलेल्या कामांवरची माणसं कमी करा, असा त्याचा एक मोठा भाग होता. पुढच्या वर्षी सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी मान्य केल्या, सुमारे ५७,००० पदांची फेरमांडणी ठरली आणि लष्करी डेअऱ्यासुद्धा बंद करायचं ठरलं. नंतर करोना आला. २०१९-२० मध्ये लष्कराने ८०,००० वर जवान घेतले होते. पुढची दोन वर्षं जवानांची भरतीच झाली नाही. ग्राउंड आणि मेडिकल पास होऊन पेपरची वाट पाहणाऱ्या मुलांची ती प्रक्रिया रद्द झाली. १४ जून २०२२ ला चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ जवान घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा पहिल्या वर्षी लष्करासाठी ४०,००० जागा होत्या.

याची दुसरी बाजूही आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी जवान, हवालदार, सुभेदार या स्तरावर ९२,००० हून अधिक पदं रिकामी असल्याचं संसदेच्या स्थायी समितीपुढे आलं. म्हणजे माणसं कमी आहेत, तरी दार अरुंदच. अशा वेळी ‘यंदा नाही तर पुढच्या वर्षी’ हे वाक्य महाग पडतं, कारण वय थांबत नाही. योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते २१ होती. भरती रखडली म्हणून फक्त २०२२ साठी ती २३ केली. बारावीला मुलगा अठराचा होतो. पदवी हाती येईपर्यंत एकविसावं उजाडतं. म्हणजे पदवी संपवून मग अग्निवीर व्हायचं म्हटलं तर खिडकी जवळजवळ बंद झालेली असते. प्रयत्न कॉलेजात असतानाच करायचे, आणि तेही मोजकेच मिळतात. त्या वर्षीच्या जाहिरातीतली जन्मतारखेची ओळ सगळ्यात आधी वाचावी, भरती अकॅडमीचं माहितीपत्रक नंतर.

क्रमही उलटा झालाय. पूर्वी ग्राउंड आधी, पेपर शेवटी. २०२३ पासून पेपर आधी, तोही संगणकावर. त्यात निवड झाली तरच कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या मेळाव्याचं प्रवेशपत्र मिळतं. या कार्यालयाकडे कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येतं. स्पर्धा त्या सगळ्यांशी. माझ्या मते आपल्याकडच्या पोरांना हा बदल सगळ्यात जड गेला. घाटात वाढलेल्या मुलाचा दम हीच त्याची कमाई होती, ती आता दुसऱ्या पायरीवर गेली. पायात दम असूनही गणितात अडकलेल्याला मैदान दिसतच नाही. दिलासा एवढाच, की २०२५ पासून पेपर मराठीतूनही देता येतो.

जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. क्लार्कसाठी बारावीत ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के हवेत. पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नये. मैदानावर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं की पूर्ण ६० गुण आणि बीमवर १० पुलअप्सचे ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग नुसते पार करायचे असतात. धावणं सगळे करतात, पण बीम राहून जातो. सहा आणि दहा पुलअप्समध्ये २४ गुणांचा फरक आहे! पावसाळ्यात धावणं बंद पडलं तरी पडवीतल्या तुळईला लटकता येतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. रहिवासी व जातीचे दाखले आधीच काढून ठेवा.

आता पैशाचं. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,०००, वर भत्ते. त्यातला ३० टक्के हिस्सा सेवा निधीत जातो आणि सरकार तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी व्याज सोडून सुमारे १० लाख हाती येतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त चारातला एक. बाकीच्या तिघांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा आणि वयात सवलत आहे, पण निवडीची खात्री नाही. बाविशी-पंचविशीत परत आलेल्या माणसाकडे पदवी असेल की नाही, हा प्रश्न म्हणून आजच सोडवायचा. इग्नूची अग्निवीरांसाठी खास पदवी आहे, त्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे धरतात. निवड झाली म्हणून कॉलेज सोडणारा मुलगा इथे नाव घालू शकतो. निवड व्हायच्या आधीच, नुसत्या सरावासाठी कॉलेज सोडणं मात्र मला अजिबात पटत नाही.

वय हुकलं तर पदवीच कामी येते. अधिकारी होण्यासाठीची यूपीएससीची सीडीएस परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोकरी-धंदा सांभाळून वर्दी हवी असेल तर टेरिटोरियल आर्मी आहे. तिथे वयोमर्यादा १८ ते ४२, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ वी टेरिटोरियल बटालियन तर कोल्हापुरातच टेंबलाई टेकडीवर आहे.

जवान आणि अधिकारी या दोन्ही वाटांना उपयोगी पडणारी एक गोष्ट कॉलेजातच मिळते, ती म्हणजे एनसीसी. जनरल ड्युटीच्या मेरिटमध्ये ‘ए’ प्रमाणपत्राला ५, ‘बी’ला १० आणि ‘सी’ला १५ जादा गुण आहेत. आजी-माजी सैनिकांच्या मुलांना २० मिळतात, पण ते घराण्याचे; हे कमवायचे. ‘सी’मध्ये किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसचा लेखी पेपर न देता अर्ज करता येतो. अर्जांतून निवड झाली की थेट सेवा निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत. अडचण एकच: ‘सी’ला तीन वर्षं लागतात. नावनोंदणी पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, गगनबावड्यात रोपलावणीची घाई असते त्याच दिवसांत होते. त्या आठवड्यात शेतावरून एक दिवस सुट्टी काढावी लागेल.