सेल्फचा जमाखर्च

बुलढाण्याच्या पठारावरून पूर्णेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या राजूर आणि बोथा या दोन्ही घाटांत, एस. टी. आणि मालमोटारी यांच्या खालोखाल ज्या वाहनाचा आवाज वळणाआडूनही ओळखू येतो, ते वाहन म्हणजे बुलेट. मोताळ्याचा कास्तकार, खामगावच्या कापूसबाजारातील अडत्या, मलकापूरचा कंत्राटदार अशा नाना पेशांच्या माणसांनी ती वापरली. पुढे त्यांच्या मुलांनी, वारसाहक्काने आलेल्या त्या गाडीचे हँडल उंच केले, मागचे टायर रुंद बसवले, टाकीला आणि चेसिसला नवा रंग चढवला आणि किकच्या जोडीला सेल्फही बसवून घेतला. हौसेचा हा खटाटोप यथासांग पार पडल्यावर काही काळाने अशा गाड्यांपैकी कित्येक एकच फिर्याद घेऊन गॅरेजच्या दारी येतात, ती अशी की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ लागत नाही. या तक्रारीचे मूळ शोधून काढण्याची जी विद्या तालुक्याच्या गावचा वायरिंगवाला मिस्त्री अंगी बाणवून असतो, तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

बुलेटच्या मूळ रचनेत सेल्फला जागा नव्हती. सैन्याच्या मागणीच्या निमित्ताने ही गाडी हिंदुस्थानात आली, १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन होऊन ती येथे तयार होऊ लागली, आणि इंग्लंडातील मूळ कंपनीचा कारभार १९७० च्या सुमारास आटोपल्यावरही मद्रासचा कारखाना तिला जवळजवळ त्याच स्वरूपात घडवीत राहिला. ७० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ९० मिलिमीटर खालीवर धावणारा तिचा एकुलता एक पिस्टन दाबाच्या टोकाला आला म्हणजे इंजिन हटून बसते. म्हणून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश दाबायची, डीकॉम्प्रेसरची कळ ओढून पिस्टनला त्या टोकापलीकडे किंचित सरकवायचे आणि मगच देहाचा सारा भार टाकून एक पुरती किक मारायची, असा जुन्या मालकांचा शिरस्ता असे.

विजेच्या मोटरने इंजिन फिरवण्याची युक्ती मोटारींत १९१२ साली कॅडिलॅकने रूढ केली; अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीने १९१४ मध्ये ती मोटारसायकलीवर आणली, परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांनी दगा दिल्यामुळे तो प्रयोग गुंडाळावा लागला, आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीला सेल्फ मिळण्यास १९६५ साल उजाडले. बुलेटच्या घराण्यात २००९ च्या क्लासिकमध्ये नवे इंजिन आणि सेल्फ यांची सांगड कारखान्यातच घातली गेली. त्यापूर्वीच्या लोखंडी सिलिंडरच्या गाड्यांना, अखेरच्या काही नमुन्यांचा अपवाद सोडला तर, सेल्फ बाहेरून बसवावा लागतो. या गोष्टीचा पहिला परिणाम वायरिंगवर होतो, कारण जुन्या बुलेटचे मूळ वायरिंग ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी आणि दिवा-हॉर्नाच्या माफक गरजेपुरते आखलेले असते.

सेल्फचे वायरिंग म्हणजे वस्तुतः विजेचे दोन स्वतंत्र मार्ग होत. पहिला धाकटा मार्ग बॅटरीतून निघून फ्यूज, चावी, किल स्विच, बटण आणि जेथे असेल तेथे क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच ओलांडून रिलेच्या वेटोळ्यापर्यंत जातो. त्यातून चार-दोन अँपिअर वाहिले तरी काम भागते, कारण रिलेला आतील जाड संपर्क एकमेकांस चिकटवण्यापलीकडे काही करायचे नसते. दुसरा थोरला मार्ग बॅटरीच्या धन टोकातून जाड केबलने रिलेत, रिलेतून मोटरमध्ये, मोटरच्या अंगातून इंजिनात आणि इंजिनातून अर्थच्या केबलने बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत येतो. येथे क्षणभर का होईना, शंभरच्या आसपास अँपिअर धावतात.

जाणता मिस्त्री हत्यार उचलण्यापूर्वी कान देतो. बटण दाबूनही सारे निःशब्द राहिले, तर दोष धाकट्या मार्गात शोधावा. फ्यूज, बटणातील गंजलेली पट्टी किंवा अडकलेला क्लच स्विच यांपैकी कोणीतरी तेथे बहुधा सापडतो. एकदाच ‘टक्’ असा आवाज होऊन गाडी गप्प झाली, तर रिलेने आपला हुकूम बजावला असून तक्रार थोरल्या मार्गाची आहे, असे समजावे. ‘टकटकटक’ अशी रांग लागली, तर दाब इतका कोसळतो आहे की रिलेलासुद्धा तग धरवत नाही; अर्थात बॅटरी उतरलेली आहे अथवा तिचे टर्मिनल ढिले आहे. आणि मोटर घरघरत राहून इंजिन जागचे हललेच नाही, तर विजेला दोष देण्यात अर्थ नाही. मोटरची गती एकाच दिशेने इंजिनाला देणारा क्लच घसरत आहे.

हौसेने बदललेल्या गाडीत थोरल्या मार्गाचे जे हाल होतात, त्यांची कारणे त्या हौसेतच दडलेली असतात. चेसिसवर जाड रंग चढवला की अर्थचा बोल्ट त्या रंगावरच आवळला जातो. इंजिनाखाली रबर घातले की इंजिन आणि चेसिस यांचा धातूचा संबंध विरळ होतो. उंच हँडलच्या नळीतून वायरी ओवल्या की नळीच्या धारेवर त्यांचे आवरण घासते. आणि आधीच्या कारागिराने हाताशी असलेल्या एकाच लाल वायरीने सगळे जोडून ठेवले असले, तर कोणती वायर कोठे जाते हे सांगणारा एकही पुरावा मागे उरत नाही. जुन्या विलायती पद्धतीत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडण्याचीही चाल होती. तेव्हा फार जुनी गाडी हाती आली तर कोणते टोक अर्थला आहे, याची खात्री केल्याशिवाय तिला हात लावू नये.

येथे नवशिका ज्या फसवणुकीला हमखास बळी पडतो, ती टेस्ट लॅम्पची. मोटरच्या टोकाला लॅम्प लावून बटण दाबले असता तो लख्ख पेटला, म्हणजे करंट पोहोचतो आहे आणि मोटर जळाली आहे, असा निष्कर्ष तो काढतो. मग नवी मोटर येते, पैसे जातात आणि ‘टक्’ जशीच्या तशी राहते. लॅम्पला एखादाच अँपिअर पुरतो, आणि तेवढा तर केबलच्या शंभर तारांपैकी नव्व्याण्णव तुटून एक शाबूत उरली तरी येतो. मोटर खरोखर ओढ घेत असताना जी परीक्षा होते, तीच खरी.

ही परीक्षा व्होल्टमीटरने करायची असते, आणि तिचे तत्त्व खामगावच्या कोणाही अडत्याला समजावून सांगावे लागणार नाही, कारण ते रोजमेळाचेच तत्त्व आहे: बॅटरीने जेवढे व्होल्ट जमेस धरले, तेवढे मार्गात कोठे ना कोठे खर्ची पडलेच पाहिजेत. जर्मन शास्त्रज्ञ किरखोफ याने १८४५ मध्ये हा नियम मांडला. समजा, सेल्फसाठी ६ व्होल्टच्या जागी बसवलेली बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि बटण दाबून धरल्यावर तिच्या दोन टोकांमध्ये १०.८ उरतात, तर बॅटरी निर्दोष म्हणून बाजूला काढावी. त्याच क्षणी मोटरचे टोक आणि मोटरचे अंग यांमध्ये ८.६ भरले, तर २.२ व्होल्टचा हिशेब लागत नाही. आता मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी मोटरच्या टोकावर ठेवून बटण दाबावे, समजा, ०.४ आले. हा खर्च मान्य करण्याजोगा आहे. मग एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावी, तेथे १.८ आले, की हिशेब जुळला आणि अफरातफर कोठे होती तेही कळले. अर्थचा बोल्ट काढून वॉशरखालचा रंग कानशीने धातू चमकेपर्यंत खरवडला, इंजिनापासून बॅटरीपर्यंत सरळ एक जाड केबल टाकली, म्हणजे मोटरला हात न लावता गाडी चालू होते. शंभर अँपिअरच्या वाटेवर एक ओहमचा अवघा शंभरावा भाग आडवा आला तरी एक व्होल्ट गिळला जातो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे रंगाच्या पातळ थराचे सामर्थ्य पटते.

या जिल्ह्याच्या भूमीने या विद्येत आपली एक अट घातली आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या भागांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी पिकाला जसे मानवत नाही तसे बॅटरीलाही मानवत नाही, कारण त्यातील क्षार पट्ट्या खातात आणि गाडी उभी असतानाच बॅटरी उतरू लागते. उन्हाळ्यात पाणी भराभर आटते आणि भरण्याची निकडही तेव्हाच पडते. म्हणून डिस्टिल्ड वॉटरवाचून दुसरे पाणी बॅटरीत घालू नये. त्याच उन्हात चिकटपट्टीचा डिंक वितळून जोड उघडे पडतात, ते पावसाळ्यात हिरवे होतात, आणि ज्या दोषाचे बी वैशाखात पडले तो भाद्रपदात गॅरेजमध्ये प्रकट होतो. पिळून पट्टी गुंडाळलेल्या जोडापेक्षा दाबून बसवलेले थिंबल आणि त्यावर नळीचे आवरण, हा जोड म्हणूनच श्रेष्ठ ठरतो.

दुरुस्तीच्या ओघात दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. रिलेच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा धरून मोटर फिरवून पाहण्याची रीत सर्वत्र आहे; गाडी न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री केल्यावाचून आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या जवळ ती कदापि अवलंबू नये, कारण बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते. दुसरी गोष्ट इग्निशनच्या टायमिंगची. ते चुकलेले असताना उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारीत राहिल्यास इंजिन उलटा झटका देते आणि तो एकदिशी क्लच निकामी होतो. म्हणून अशा गाडीचे टायमिंग लावणे हाही सेल्फच्या दुरुस्तीचाच भाग समजावा.

कायद्याच्या बाजूने पाहता, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मज्जाव केला आहे. एमएच-२८ ची पाटी मिरवणाऱ्या प्रत्येक हौशी मालकाने हे आधीच जाणून घेतलेले बरे. वायरिंगला असा दाखला सरकार देत नाही, तो मालकाने स्वतः करून ठेवायचा असतो. ज्या दिवशी गाडीचे वायरिंग नव्याने होईल, त्या दिवशी मिस्त्रीकडून प्रत्येक वायरीचा रंग, तिची दोन्ही टोके, फ्यूजची जागा आणि अर्थचे बोल्ट दाखवणारा नकाशा एका कागदावर काढून घ्यावा आणि तो आर. सी. बुकाबरोबर जपून ठेवावा. आणि सेल्फ बंद पडला तर नवी मोटर मागवण्याआधी, बटण दाबून ठेवून चार ठिकाणी व्होल्ट मोजायला सांगावे. या मोजणीला पाच मिनिटे लागतात आणि मोटरची किंमत वाचते.